पावलाच्या दोऱ्या : घोट्याजवळील कंडरांच्या इजा आणि त्यांवरील उपचार

मनुष्य चालतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक पायाचा चवडा किंचित वर उचलला जातो. हे उचलणे फार थोडे असते. बोटे जमिनीपासून जेमतेम एकदोन सेंटिमीटर वरून पुढे सरकतात. परंतु तेवढेही न झाले, तर बोटे जमिनीला अडकून माणूस अडखळतो. त्यानंतरच्या क्षणी पाऊल टेकते, टाच उचलली जाते, शरीराचा भार चवड्यावर येतो आणि देह पुढे ढकलला जातो. उचलणे आणि ढकलणे ह्या दोन क्रिया दिवसभरात हजारो वेळा घडतात व आपले तिकडे लक्षही जात नाही. ह्या क्रियांना लागणारे मुख्य बळ पावलात नसते. ते गुडघ्याखालच्या पोटरीत आणि नडगीलगतच्या स्नायूंत असते. तेथून ते पावलापर्यंत पोहोचविणाऱ्या ज्या चिवट, पांढऱ्या दोऱ्या असतात, त्यांना शरीररचनाशास्त्रात कंडरा असे नाव आहे.

हा शब्द नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात सोळा कंडरा सांगितल्या असून त्यांतील चार पायांतील आहेत. बोलीत मात्र आपण त्यांना ‘शिरा’ म्हणतो. टाचेच्या मागच्या जाड कंडरेला जुन्या मराठीत धोंडशीर म्हणत. वास्तविक शिरेतून रक्त वाहते. कंडरेतून काहीच वाहत नाही, ती केवळ ओढते. ‘शीर तुटली’ असे ऐकताच घरची माणसे रक्त थांबविण्याच्या खटपटीला लागतात आणि रक्त थांबले की संकट टळले असे समजतात. पायाच्या कंडरांच्या बाबतीत ह्या समजुतीने किती हानी होते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

मोटेचा नाडा

विहिरीवर मोट चालत असे त्या काळी बैल धावेवरून उतरू लागले की नाडा ताणला जाई, तो चाकावरून फिरे आणि पाण्याने भरलेली मोट वर येई. जोर बैलाचा, काम मोटेचे आणि मधला नाडा केवळ जोर वाहून नेणारा. आपल्या पायाची रचना ह्याच तत्त्वावर झालेली आहे. स्नायू हा बैल होय, कंडरा हा नाडा, घोट्याचे हाड हे चाक आणि पाऊल ही मोट. ही उपमा मनात धरली म्हणजे पायाचे काम चार प्रकारांनी बिघडू शकते हे चटकन कळते. नाडा एकाएकी तुटेल, वापराने विरेल, चाकावरून घसरेल, किंवा नाडा शाबूत असूनही बैलाचे बळ जाईल. वैद्यकात ह्या चारही प्रकारांचे रुग्ण आढळतात. त्यांपैकी चौथ्या प्रकाराचा छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरशी विशेष संबंध आहे.

घोट्याभोवती ह्या दोऱ्या चार गटांत मांडलेल्या आहेत. पुढच्या बाजूस पाऊल व बोटे वर उचलणाऱ्या कंडरा असतात. आतल्या घोट्याच्या मागून तीन कंडरा तळपायाकडे जातात. त्यांपैकी नडगीमागच्या स्नायूची कंडरा पायाची कमान तोलून धरते, तर उरलेल्या दोन बोटांना व अंगठ्याला वळवितात. बाहेरच्या घोट्यामागून दोन कंडरा जातात. त्या पावलाला बाहेरच्या बाजूस वळवितात आणि खाचखळग्यांतून चालताना त्याचा तोल सांभाळतात. चौथी बाजू मागची. तेथे पोटरीच्या दोन मोठ्या स्नायूंपासून निघून टाचेच्या हाडाला चिकटलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची कंडरा असते. ती शरीरातील सर्वांत जाड व सर्वांत बळकट कंडरा होय. ग्रीक पुराणातील अकिलीझ ह्या वीराचे सारे शरीर अभेद्य होते आणि केवळ टाच दुबळी राहिली होती, अशी कथा आहे. त्या कथेवरून फ्लेमिश शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप व्हेरहेयेन ह्यांनी १६९३ मध्ये ह्या कंडरेला त्या वीराचे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले.

कंडरेचे घटकद्रव्य

कंडरा प्रामुख्याने कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असते. सूत पिळून दोरा, दोऱ्यांची दोरी व दोऱ्यांचा दोरखंड वळावा, तसे हे तंतू जुड्या-जुड्यांनी एकाच दिशेत रचलेले असतात. सुट्या स्थितीत त्यांना बारीक लहरी असतात. ताण पडला की प्रथम ह्या लहरी सरळ होतात आणि मग तंतू स्वतः ताणले जातात. मूळ लांबीच्या सुमारे चार टक्क्यांपर्यंत ताणलेली कंडरा पूर्ववत होते. ताण आठ ते दहा टक्क्यांवर गेला की तंतू तुटू लागतात. धावताना टाचेच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या बळकटपणाची कल्पना येते.

ह्या बळकटपणाची एक किंमत आहे. कंडरेत जिवंत पेशी विरळ असतात आणि रक्ताचा पुरवठाही तुटपुंजा असतो. टाचेच्या हाडापासून सुमारे दोन ते सहा सेंटिमीटर उंचीवरचा भाग ह्या बाबतीत सर्वांत दरिद्री आहे आणि कंडरा बहुधा तेथेच तुटते. कंडरेचे द्रव्य किती सावकाश नवे होते, ह्याचा निर्णय एका अनपेक्षित मार्गाने लागला. १९५५ ते १९६३ ह्या काळात वातावरणात अणुबाँबच्या अनेक चाचण्या झाल्या. त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले व पुढे ते ओसरत गेले. हा कार्बन अन्नावाटे सर्वांच्या शरीरात शिरला. ज्या ऊतकाचे द्रव्य सतत बदलते, त्यातील जादा कार्बन कालांतराने निघून जातो. जे बदलत नाही, त्यात तो मुद्रेसारखा राहतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाचेच्या कंडरांतील ह्या कार्बनाचे मापन केले. कंडरेचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही, असे त्यांना आढळून आले. म्हणजे चाळिशीतला माणूस ज्या नाड्यावर आपला भार टाकून धावतो, तो नाडा त्याच्या शाळकरी वयातच वळून झालेला असतो.

नाडा तुटतो तेव्हा

टाचेची कंडरा एकाएकी तुटण्याचे प्रसंग तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत अधिक आढळतात. आठवडाभर बैठे काम करून सुटीच्या दिवशी जोमाने खेळावयास उतरणारा मनुष्य हा ह्या इजेचा नमुनेदार रुग्ण होय. तो धाव घेण्यासाठी पाय रोवतो, ‘फट’ असा आवाज होतो आणि कोणी मागून लाथ किंवा काठी मारली असे वाटून तो वळून पाहतो, तो मागे कोणीच नसते. वेदना काही वेळाने कमी होते, सूज येते आणि मनुष्य लंगडत का होईना, चालू शकतो.

निदानाचा घोटाळा येथेच होतो. टाचेची कंडरा तुटली तरी आतल्या घोट्यामागील कंडरा पाऊल थोडेफार खाली दाबू शकतात. ‘पाऊल हलवून दाखवा’ असे म्हटल्यावर रुग्ण ते हलवितो आणि तपासणाऱ्याची खात्री होते की पाय केवळ मुरगळला आहे. अशा इजांपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पहिल्या तपासणीत निसटतो, असे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे. वास्तविक ही चूक टाळण्यास एकाही यंत्राची आवश्यकता नाही. इंग्लंडमधील सिमंड्स ह्यांनी १९५७ मध्ये आणि अमेरिकेतील टॉम्सन ह्यांनी १९६२ मध्ये एकच सोपी परीक्षा वर्णिली आहे. रुग्णास पालथे निजवावे, पावले खाटेच्या कडेबाहेर येऊ द्यावी आणि पोटरी हाताने दाबावी. कंडरा अखंड असेल तर पाऊल आपोआप खाली झुकते. ती तुटली असेल तर पाऊल स्वस्थ राहते. दोन्ही पायांची तुलना केली म्हणजे शंका उरत नाही.

टाके की प्लास्टर?

तुटलेली टोके शिवून जोडावी, की पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवून निसर्गाला काम करू द्यावे, हा वाद शल्यचिकित्सकांत दीर्घकाळ चालला. नॉर्वेमधील चार रुग्णालयांत ५२६ रुग्णांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्यावर बराच प्रकाश पडला. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट पाडले होते : शस्त्रक्रियेवाचून उपचार, मोठ्या छेदाने शस्त्रक्रिया व लहान छेदाने शस्त्रक्रिया. वर्षभरानंतर तिन्ही गटांतील पायांच्या कार्यक्षमतेत उल्लेखनीय फरक दिसला नाही. मात्र शस्त्रक्रिया न केलेल्या गटात कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण ६.२ टक्के, तर दोन्ही शस्त्रक्रियांच्या गटांत ते प्रत्येकी ०.६ टक्का होते. उलटपक्षी मज्जातंतूंना इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेवाचूनच्या गटात ०.६, मोठ्या छेदाच्या गटात २.८ आणि लहान छेदाच्या गटात ५.२ टक्के आढळले. तात्पर्य, दोन्ही मार्ग ग्राह्य आहेत. रुग्णाचे वय, व्यवसाय, त्वचेची स्थिती आणि मधुमेहासारखे विकार पाहून निवड करावी लागते.

ह्या दोन्ही मार्गांना एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे वेळ. पहिले काही दिवस दाह असतो. पुढील काही आठवड्यांत नवे तंतू बनतात, पण ते गवताच्या पेंढीसारखे अस्ताव्यस्त असतात. त्यानंतर अनेक महिने, कधी वर्षभर, ते ताणाच्या दिशेत सरळ होत जातात. त्यांना ही दिशा मिळते ती बेताबेताने दिलेल्या भारामुळेच. म्हणून आधुनिक उपचारात पाय महिनोन्‌महिने निश्चल ठेवीत नाहीत. टाचेखाली उंचवटा असलेल्या विशेष बुटात रुग्णाला लवकर उभे करतात आणि तो उंचवटा क्रमाक्रमाने कमी करतात.

विरणे आणि घसरणे

सर्वच कंडरा एका झटक्यात तुटत नाहीत. पुष्कळांच्या टाचेमागे सकाळी उठताना ताठरपणा व दुखणे असते, थोडे चालल्यावर ते कमी होते आणि श्रमानंतर पुन्हा वाढते. येथे तंतूंची रचना आतल्या आत विस्कटू लागलेली असते. अशा वेळी संपूर्ण विश्रांतीने दुखणे दबते, पण कंडरा बळावत नाही. स्वीडनमधील शल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९८ मध्ये १५ धावपटूंवर एक साधा व्यायाम करून पाहिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली न्यावयाची, अशा पंधरा-पंधराच्या तीन आवर्तनांचे दोन प्रकार दिवसातून दोन वेळा करावयाचे. म्हणजे दिवसाला एकंदर १८० वेळा. बारा आठवड्यांनी ते सर्व जण पुन्हा धावू लागले. तेव्हापासून बेताने वाढविलेला भार हाच ह्या विकारावरील उपचाराचा पाया मानला जातो.

काही औषधेही कंडरेस दुबळी करतात, ही गोष्ट सर्वसामान्य वाचकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन व त्याच्या वर्गातील प्रतिजैविके घेणाऱ्यांत टाचेची कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. साठीपुढील माणसांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये ह्या औषधांवर ठळक चौकटीतील इशारा छापावयास लावला. जुलाब किंवा ताप आला की जवळच्या दुकानातून गोळ्या आणून घेण्याची आपल्याकडील सवय ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

नाडा चाकावरून घसरण्याचा प्रकार बाहेरच्या घोट्यापाशी घडतो. पाय मुरगळताना तेथील दोन कंडरांना जागेवर धरून ठेवणारा पट्टा फाटतो आणि त्या हाडाच्या पुढे उडी मारतात. सूज उतरल्यावरही घोट्यामागे काही ‘टक्‌’ करून सरकते, अशी तक्रार रुग्ण करीत असेल, तर ती साधी मुरगळ समजू नये. आतल्या बाजूस नडगीमागच्या स्नायूची कंडरा विरली, तर मध्यमवयात एका पायाची कमान हळूहळू खचते, टाच बाहेर कलते आणि त्या एका पायावर उभे राहून टाच उचलणे अशक्य होते.

आपल्याकडील उघड्या जखमा

पाश्चात्त्य ग्रंथांत कंडरांच्या इजांचे वर्णन प्रामुख्याने खेळाडूंच्या संदर्भात येते. भारतातील चित्र काहीसे वेगळे आहे. येथे अनवाणी किंवा साध्या चपलेवर काम करणारे शेतकरी व मजूर पुष्कळ आहेत. छत्तीसगड हा भातशेतीचा मुलूख. चिखलात व धुऱ्यावर विळा, कुदळ, पत्रा, काच ह्यांनी पायाला कापणे हा तेथील नित्याचा प्रसंग होय. भारतीय रुग्णालयांतून आणखी एक कारण वारंवार नोंदले गेले आहे. देशी पद्धतीच्या शौचकूपात ओल्या फरशीवरून पाय घसरून चिनी मातीच्या भांड्यात जातो, तडकलेले भांडे फुटते आणि घाईने पाय ओढून घेताना त्याची सुरीसारखी धार टाचेमागून फिरते. सायकलच्या मागे बसविलेल्या लहान मुलाचे पाऊल चाकाच्या आऱ्यांत सापडून टाचेची त्वचा व प्रसंगी कंडराही चिरडते. हे अपघात बहुतांशी टाळता येतात. तडकलेले भांडे वेळीच बदलणे आणि सायकलच्या मागील चाकास जाळी लावणे, एवढेच त्यासाठी करावयाचे असते.

टाचेमागे किंवा घोट्याजवळ खोल कापले, तर स्वच्छ कापडाने दाबून बांधावे, हळद, कॉफी किंवा माती भरू नये, पाय आधाराने स्थिर ठेवावा आणि धनुर्वाताची लस घेऊन त्याच दिवशी शल्यचिकित्सक असेल अशा रुग्णालयात जावे. रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणी जखम धुऊन कंडरा तपासण्याची सोय असते. केवळ वरची त्वचा शिवून घरी परतणारा रुग्ण दोन महिन्यांनी परत येतो तेव्हा कंडरेची टोके दूर सरकलेली असतात, मध्ये निरुपयोगी व्रणऊतक भरलेले असते आणि पोटरी रोडावलेली असते. मग टोके जुळत नाहीत. अशा वेळी पोटरीच्या कंडरेचाच पदर उलटून खाली आणावा लागतो किंवा अंगठा वळविणारी शेजारची कंडरा तोडून टाचेच्या हाडात बसवावी लागते. अंगठ्याचे बळ थोडे उणावते, पण चालणे परत मिळते. एका कंडरेचे काम दुसरीवर सोपविण्याची ही कल्पना पुढील भागात महत्त्वाची ठरणार आहे.

बैलाचे बळ जाते तेव्हा

रायपूरच्या लालपूर भागात केंद्र सरकारची प्रादेशिक कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्था १९७९ पासून आहे. ह्या प्रदेशात कुष्ठरोग जुना आहे. चांपा येथे मेनोनाइट मिशनऱ्यांनी १९०२ मध्येच कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली होती. शेजारच्या विदर्भात बाबा आमटे ह्यांनी १९४९ मध्ये वरोड्यास महारोगी सेवा समिती स्थापन केली. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट राष्ट्रीय पातळीवर गाठले, तेव्हा छत्तीसगड हे त्या मर्यादेवर राहिलेल्या थोड्या राज्यांपैकी एक होते.

कुष्ठरोगाचा कंडरांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडेल. नॉर्वेच्या हॅन्सेन ह्यांनी १८७३ मध्ये शोधलेला ह्या रोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो. त्वचेलगतचे मज्जातंतू त्यास विशेष मानवतात. गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या बाजूस जे बारीक हाड आहे, त्याच्या मानेभोवती एक मज्जातंतू अगदी त्वचेखालून वळसा घेतो. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना आज्ञा नेणारा तो हाच. तो सुजला व निकामी झाला की पुढच्या स्नायूंचे बळ जाते. कंडरा अखंड असतात, सांधा निरोगी असतो, पण पाऊल लोंबते. डॉक्टर ह्या विकृतीस फूट ड्रॉप म्हणतात. रुग्णाला बोटे अडकू नयेत म्हणून गुडघा उंच उचलून पाय फेकीत चालावे लागते. पाऊल टेकताना टाचेऐवजी चवड्याची बाहेरची कडा आपटते. तळपायाची संवेदनाही गेलेली असेल तर तेथे व्रण पडतो, तो दुखत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो, हाडापर्यंत पोहोचतो आणि शेवटी पाऊल कापावे लागण्याची पाळी येते. भाताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाचे पोट पायावर अवलंबून असते आणि त्याची चाल पाहूनच गाव त्याला ओळखतो व टाळतो. म्हणून एका मज्जातंतूची इजा ही त्याच्या सबंध जीवनाची इजा ठरते.

दुसरा बैल जुंपणे

येथे निसर्गाची एक सोय उपयोगी पडते. आतल्या घोट्यामागून जाणारी, नडगीमागच्या स्नायूची जी कंडरा आहे, तिच्या स्नायूला आज्ञा नेणारा मज्जातंतू गुडघ्यामागे व पोटरीत खोल, उबदार जागी असतो. कुष्ठरोगात तो घोट्याजवळ बाधित होतो, पण ह्या स्नायूला जाणारी शाखा त्याच्या पुष्कळ वर फुटलेली असते. त्यामुळे पुढचे स्नायू लुळे पडले तरी हा स्नायू बहुधा शाबूत राहतो. एक बैल खाली बसला, पण दुसरा धडधाकट आहे. मग त्यालाच त्या नाड्याला का जुंपू नये?

नडगीमागची कंडरा पुढे आणण्याची पद्धती कुष्ठरोगासाठी जन्मली नाही. बॉस्टनचे फ्रँक ओबर ह्यांनी १९३३ मध्ये पायाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी ती वर्णिली होती. कुष्ठरोग्याचे शरीर सडके असते, त्याच्यावर शस्त्रक्रिया केल्यास जखम भरणार नाही, असा मात्र त्या काळी डॉक्टरांचाही ग्रह होता. वेल्लोर येथे पॉल ब्रँड ह्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांतील कंडरांचे स्थानांतर करून तो ग्रह खोटा ठरविला. कुष्ठरुग्णाचे ऊतक इतरांसारखेच भरून येते आणि बोटे झडतात ती संवेदनेच्या अभावी झालेल्या दुर्लक्षित जखमांमुळे, हे त्यांनी दाखविले. पुण्याजवळ कोंढव्यास डॉ. नोशीर अँटिया ह्यांनी कुष्ठरुग्णांवरील अशा सुधारक शस्त्रक्रियांचे काम केले. पावलासाठी चेंगलपट्टूचे डॉ. एच. श्रीनिवासन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६८ मध्ये दोन शेपट्यांची पद्धती प्रसिद्ध केली आणि ती भारतात रूढ झाली.

ह्या पद्धतीत नडगीमागच्या स्नायूची कंडरा पायाच्या आतील बाजूच्या नौकास्थीपासून सोडवितात आणि घोट्याच्या वर एका छेदातून बाहेर काढतात. तिचे दोन उभे भाग करून ते त्वचेखालून नडगीच्या पुढे, पावलाच्या पाठीवर आणतात. एक भाग अंगठा उचलणाऱ्या कंडरेला आणि दुसरा इतर बोटे उचलणाऱ्या कंडरेला शिवतात. दोन टोकांमुळे पाऊल आत किंवा बाहेर न कलता सरळ उचलले जाते. पाऊल पुष्कळ काळ लोंबत राहिले असल्यास टाचेची कंडरा आखडलेली असते. तिची लांबी त्याच वेळी वाढवितात, नाहीतर नव्या बैलाला सारा जोर तिच्याविरुद्धच लावावा लागेल. त्यानंतर सुमारे चार ते सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहतो.

नव्याने चालणे शिकणे

शस्त्रक्रियेने अर्धेच काम होते. नडगीमागचा स्नायू जन्मापासून पाऊल जमिनीवर असताना आकुंचन पावत आला आहे. आता त्याने पाऊल हवेत असताना आकुंचन पावले पाहिजे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला तो स्नायू एकटा हलविण्यास शिकवितात. ‘पाऊल आत वळवा’ अशी सूचना देतात आणि रुग्ण तशी हालचाल करतो. प्लास्टर निघाल्यावर तो तीच जुनी आज्ञा मनातल्या मनात देतो आणि पाऊल आत वळण्याऐवजी वर उचलले जाते. हा अनुभव रुग्णालाही नवल वाटण्यासारखा असतो. प्रथम बसून, मग आधाराने उभे राहून, मग समांतर दांड्यांमध्ये एकेक पाऊल टाकीत हे शिक्षण काही आठवडे चालते. हळूहळू मेंदू नवी आज्ञा आत्मसात करतो आणि रुग्णास तिचा विचार करावा लागत नाही.

प्रत्येक रुग्ण मात्र ह्या शस्त्रक्रियेस तत्काळ योग्य नसतो. पायावर उघडा व्रण नसावा, सांधे ताठरलेले नसावेत, बहुविध औषधोपचार पूर्ण झालेला किंवा पुरेसा काळ चाललेला असावा आणि मज्जातंतूचा दाह काही महिने तरी शांत असावा, अशा अटी असतात. तसेच ही शस्त्रक्रिया बळ परत देते, संवेदना देत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही सूक्ष्मछिद्री रबराची मऊ चप्पल वापरणे, रोज रात्री तळपाय न्याहाळणे व पाण्यात भिजवून तेल लावणे हा नेम जन्मभर पाळावा लागतो.

वेळेचे मोल

ह्या सर्व विवेचनातून एक सूत्र स्पष्ट होते. पायाच्या कंडरांवरील उपचार आज पुष्कळ प्रगत आहेत, पण त्यांचे यश निदान किती लवकर होते ह्यावर अवलंबून असते. तुटलेली टाचेची कंडरा पहिल्या दिवसांत ओळखली तर प्लास्टरनेही जुळते. दोन महिन्यांनी ओळखली तर शेजारच्या कंडरेची भीक मागावी लागते. कुष्ठरोगात पाऊल लुळे पडून सहा महिने झाले नसतील, तर प्रेडनिसोलोन ह्या औषधाने मज्जातंतूचा दाह शमून बळ पुष्कळदा परत येते आणि शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. मूळ रोगावरील औषधे तर सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.

लवकर ओळखण्यासाठी दोन परीक्षा पुरेशा आहेत आणि त्यांना हाताखेरीज कोणतेही साधन लागत नाही. टाचेमागे अकस्मात फटका बसल्यासारखे झाले असेल, तर रुग्णास पालथे निजवून पोटरी दाबावी आणि पाऊल झुकते का पाहावे. अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल, किंवा चालताना चप्पल नकळत गळून पडत असेल, तर रुग्णास टाच टेकवून पाऊल वर उचलावयास सांगावे व आपल्या तळहाताने त्यावर खाली दाब द्यावा. दोन्ही पाय सारख्या जोराने प्रतिकार करीत नसतील, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. गावच्या आरोग्यसेविकेला, शाळेतील शिक्षकाला किंवा घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला ह्या परीक्षा करण्यास मिनिटभराहून अधिक वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात एखाद्याचे पाऊल वाचू शकते.